अठरा अंशांची नदी

आमची धाम नदी निसर्गरम्य आहे, हे मला निवृत्त झाल्यावर एका गुळगुळीत माहितीपत्रकावरून कळलं. सत्तावीस वर्षं मी त्या नदीच्या काठावर नोकरी केली, पण तोवर हे कुणी बोललं नव्हतं. पत्रकाच्या पहिल्या पानावर एक खळाळती नदी आहे, दोन्ही काठांवर देवदारासारखी उंच झाडं आणि मागे बर्फाचा डोंगर. खाली छापलंय, ‘धाम : विदर्भाची ट्राउट नदी’. वर्धा जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीत आणि मासळी बाजारात मिळतो, हे छापणाऱ्याला माहीत नसेल असं नाही. पण तेवढ्यासाठी चांगला फोटो कोण वाया घालवतो?

ट्राउट हा थंड डोंगरी पाण्यातला विलायती मासा. आपल्याकडे तो काश्मीर, हिमाचलात पाळतात. शौकीन मंडळी लांबलचक काठी घेऊन जातात, दिवसभर पाण्यात उभी राहतात आणि संध्याकाळी एक मासा धरून त्याच्यासोबत फोटो काढतात. असला मासा आमच्या नदीत आणायचं डोकं कुणाचं आणि त्याला पुरावा कुणी पुरवला, ते सांगायला हा लेख लिहितोय. पुरावा मी पुरवला. त्यामुळे या लेखात ज्यांची खिल्ली उडवणार आहे, त्यांच्या रांगेत मीही आहे, आणि बराच पुढे आहे.

आधी खरी नदी सांगतो. आर्वी-कारंज्याकडच्या टेकड्यांमधून धाम निघते, वरच्या धरणात अडते, मग काळ्या पाषाणावरून घसटत पवनारकडे येते. खाली बोर तिला मिळते, दोघी मिळून वणेत जातात आणि वणा वर्धेत. नकाशावर ही निळी रेघ फार डौलदार दिसते. प्रत्यक्षात पावसाळ्याचे दोन-तीन महिने ती नदी असते, पाणी चहाच्या रंगाचं, त्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या आणि कुणाची तरी चप्पल. दिवाळीनंतर ओढा होतो. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडलं तर धार, नाही तर काळ्या खडकांमध्ये अडकलेली डबकी. काठावर देवदार नाहीत, बेशरमाची झुडपं आहेत. त्या झुडपाचं नाव ज्यानं ठेवलं त्याला आमच्या खात्यात मोठं पद मिळायला हवं होतं.

माझं ठाणं कवठघाटला, पवनारच्या बरंच वर. तिथे नदी एका कातळाला वळसा घालते आणि वळणावर खोल डोह आहे. आसपासची डबकी आटतात, तो डोह आटत नाही. मी गेज रीडर होतो. म्हणजे नदीचं माप घेणारा. काठाच्या पायऱ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. पाणी कोणत्या खुणेला लागलंय ते सकाळ-संध्याकाळ पाहायचं आणि नमुन्यातल्या तक्त्यात लिहायचं. पावसाळ्यात दर तासाला पाहायचं. पाण्याचा वेग मोजायला लाकडी तरंगा सोडायचा आणि तो दोन खांबांमधलं अंतर किती सेकंदांत कापतो ते स्टॉपवॉचवर बघायचं. एवढंच काम. आमच्याकडे येणारे साहेब पायऱ्या उतरायचे नाहीत. वरूनच विचारायचे, “पाणी आहे ना?” मी म्हणायचो, “आहे, साहेब.” मग ते भेटवहीत लिहायचे, ‘काम समाधानकारक’. 

गावातले लोक मला गेजबाबू म्हणत. डोहावर मासेमारी करणारी भोई समाजाची आठ-नऊ घरं होती. त्यांची सोसायटी होती आणि डोहावर तिचा हक्क होता. सोसायटीचे अध्यक्ष कागदावर कुणी का असेनात, चालायचं गिरजाबाईचं. तेव्हा ती पन्नाशीची असेल. नवरा लवकर गेला, दोन मुली तिनं डोहातल्या मरळीवर वाढवल्या. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, काळपट, दमदार मासा. पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो, म्हणून बाजारात जिवंत विकता येतो आणि चांगल्या भावानं जातो.

या मरळीबद्दल त्या घरांची एक रीत होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला मरळीला पिल्लं होतात. सुरुवातीला ती लालसर असतात. हजार-बाराशे पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, लांबून शेंदूर सांडल्यासारखा दिसतो. खाली नर-मादी पहारा देतात. कोणी जवळ आलं की झडप घालतात. थवा दिसला की डोहात जाळं टाकायचं नाही, पिल्लांचा लाल रंग जाऊन ती पांगेपर्यंत. महिना, सव्वा महिना हातावर हात ठेवून बसायचं. त्या दिवसांत ही घरं दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि म्हणूनच ते पाळलं जात होतं.

एकदा जुलैत नागपूरहून एक गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, अंगात चौदा खिशांचं जाकीट, हातात माझ्या महिन्याच्या पगाराहून महाग काठी. त्यांना लाल थवा दिसला आणि ते हरखले. पहाऱ्यावरची मरळ पुढ्यात पडेल त्यावर झडप घालते, त्याला काही कौशल्य लागत नाही. दहा मिनिटांत त्यांनी मादी ओढली, छातीशी धरून फोटो काढला आणि मला म्हणाले, “आम्ही मारत नाही हं, सोडून देतो. आमचं तत्त्व आहे.” तत्त्वाप्रमाणे त्यांनी ती खालच्या धारेत सोडली, डोहापासून दोनशे पावलांवर. तोवर इकडे बाकीचे मासे थव्यावर तुटून पडले होते. पाणी नुसतं उकळल्यासारखं होत होतं.

गिरजाबाई काठावर उभी होती. तिनं विचारलं, “काऊन जी, तुमच्या बायकोले कोनी असं उचलून न्हेलं, फोटू काढला अन् दुसऱ्या गावात सोडून देल्लं, त तुमच्या लेकरांचं काय होईन?”

गृहस्थ माझ्याकडे वळले. “ही काय म्हणते आहे?”

“तुमचं तत्त्व तिला आवडलं नाही,” मी म्हणालो.

ते गाडीत बसून गेले. पुढे त्यांचा फोटो वर्तमानपत्रात आला, निसर्गप्रेमी म्हणून.

आता माझ्या तत्त्वांकडे येतो. आमच्या तक्त्यात पाण्याच्या पातळीशेजारी आणखी एक रकाना असे, पाण्याचं तापमान. त्यासाठी खात्यानं एक थर्मामीटर दिला होता. एका जानेवारीत सकाळी पायऱ्या उतरताना तो माझ्या खिशातून निसटला आणि पट्टीवर आपटून फुटला. त्याआधी वाचलेला आकडा अठरा होता. मी वर मागणी पाठवली. महिन्यानं उत्तर आलं, मागणी विचाराधीन आहे. मी दुसरी पाठवली. उत्तर आलं, पहिल्या मागणीचा क्रमांक कळवा. तिसरीला उत्तर आलंच नाही.

दरम्यान मी रकाना कोरा सोडला, तर तक्ता परत आला. ‘अपूर्ण माहिती स्वीकारली जाणार नाही.’ खाली लाल शाईनं सही. मला राग आला. मी म्हटलं, पूर्ण पाहिजे का, घ्या पूर्ण. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, अठरा. तिसऱ्या दिवशी अठरा. मग जरा खरं वाटावं म्हणून कधी साडेअठरा, कधी साडेसतरा. मार्च गेला, एप्रिल गेला, मे आला. माणसं उन्हानं भोवळ येऊन पडत होती, सेवाग्रामच्या दवाखान्यात उष्माघाताचे रुग्ण जात होते, डोहाच्या काठचा चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या आणि माझ्या तक्त्यातली नदी महाबळेश्वरसारखी थंड होती. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. तक्ते तपासणारा होता, त्याच्यावर फेरतपासणी करणारा होता, त्याच्यावर सही करणारा होता. प्रत्येकानं सही केली.

सुरुवातीला हा राग होता, नंतर गंमत, नंतर सवय. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बारा वर्षं, मी रोज अठराच्या आसपासचं काहीतरी लिहीत राहिलो. बाजारात थर्मामीटर मिळत नव्हता असं नाही. स्वतःच्या खिशातून घेतला असता तर काही भीक लागली नसती. पण खातं देत नाही तर मी का घ्यावा, असा माझा बाणा होता. आता लिहिताना त्या बाण्याची मला किळस येते. पाण्याच्या पातळीत मी एका सेंटिमीटरचीही लबाडी केली नाही, पुरातही केली नाही, आणि त्याच जोरावर मी स्वतःला चोख माणूस समजत होतो.

निवृत्त होऊन वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आलो. माझे पेन्शनचे कागद अजून कुठल्याशा टेबलावर अडकले होते. तेवढ्यात कवठघाटच्या ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. नदीवर मोठी योजना येते आहे, सभा आहे, तुम्ही जुने जाणकार, या. मे महिना होता. सभागृहात पंखे फिरत होते आणि गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. समोर पडदा लावलेला. योजनेचे अधिकारी होते आणि पुण्याहून आलेले एक सल्लागार होते. तिशीचे, फार नम्र, प्रत्येक वाक्यात ‘आपण सगळे मिळून’ म्हणणारे.

त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. बारा वर्षांची सरळ रेघ. म्हणाले, “मध्य भारतातली ही एकमेव नदी असावी, जिचं पाणी भर उन्हाळ्यातही अठरा अंशांवर स्थिर राहतं. आमच्या तज्ज्ञांचं मत आहे की, इथल्या काळ्या पाषाणाखाली थंड झरे आहेत. ट्राउटसाठी हे अगदी आदर्श तापमान.”

मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. माझ्या आळसाला कुणीतरी जमिनीखालचे झरे जोडले होते. हसू यायला हवं होतं, पण तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. डोहात आधी असलेले मासे, विशेषतः मरळ, ट्राउटची पिल्लं खातील. म्हणून पावसाळ्यापूर्वी डोह जाळी लावून पूर्ण मोकळा करायचा. सोसायटीचा मासेमारीचा हक्क पुढे द्यायचा नाही. त्याऐवजी भोई घरांतल्या लोकांना पर्यटकांच्या काठ्या उचलण्याचं काम मिळेल. ‘उचलण्याचं’ ऐवजी त्यांनी काहीतरी चांगला शब्द वापरला होता, तो आता आठवत नाही.

गिरजाबाई उठली. साठी ओलांडली होती, पण आवाज तोच. ती सल्लागारांकडे वळलीच नाही. म्हणाली, “गेजबाबू, तुमी त इथं सत्तावीस वर्सं पानी मोजलं. तुमीच सांगा ह्यायले. उन्हाळ्यात हे पानी असं थंड राह्यते का?”

सगळ्या सभेनं माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनीही पाहिलं. ते आमच्याच खात्यातून या योजनेवर आले होते. ज्या टेबलावर माझे कागद होते ते टेबल कुणाच्या हाताखाली होतं, हे मला पक्कं माहीत होतं. खोट्या नोंदी म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे पेन्शन लटकली. घरी सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं आणि मी उभा राहून म्हणालो, “कागदावर जे आहे, ते आहे.”

आयुष्यात मी बोललेल्या वाक्यांत याहून हलकट वाक्य नाही. सल्लागारांनी मान डोलावली आणि म्हणाले, “धन्यवाद, सर.” मला तोवर कुणी सर म्हटलं नव्हतं. गिरजाबाई खाली बसली. हात वर झाले, ठराव पास झाला. चहा-बिस्किटं आली. मी चहा प्यायलोदेखील.

ठरल्याहून उशिरा, जूनच्या शेवटी, बाहेरची माणसं यांत्रिक होड्या आणि बारीक जाळी घेऊन आली. मी बघायला गेलो नाही. नंतर गावातल्या एकानं सांगितलं की, त्या वेळी डोहात तीन ठिकाणी लाल थवे होते. भोई घरांतल्या बायकांनी काठावर उभं राहून ओरडून सांगितलं, महिनाभर थांबा. त्या माणसांकडे लेखी आदेश होता, आणि आदेशात पिल्लांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तीन दिवसांत डोह साफ झाला. 

हे ऐकलं त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही. सौ.नं माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. ऐकून म्हणाली, “तोंडानं नाई जमलं त कागदानं द्या. माहा गुडघा काई पळून नाई चालला.”

मी लिहिलं. दोन पानं, स्वच्छ अक्षरात. थर्मामीटर कधी फुटला, मागण्या कधी पाठवल्या, बारा वर्षांच्या नोंदी मी मनानं कशा भरल्या, सगळं. खाली सही केली. शेजारच्या शाळेतून थर्मामीटर मागून आणला होता. पावसाची उघडीप होती, आभाळ मोकळं होतं, तेव्हा दुपारी कवठघाटला जाऊन डोहात बुडवला होता. तो आकडाही लिहिला. तीसच्या वर होता. अर्ज हातानं नेऊन दिला आणि पोच घेतली. आता चौकशी लागेल, म्हणून मन घट्ट केलं.

चौकशी लागली नाही. दीड महिन्यानं उत्तर आलं. ‘आपल्या कार्यकाळातील नोंदी तीन स्तरांवर तपासून प्रमाणित झालेल्या आहेत. त्यांत आता बदल करता येणार नाही. आपण दिलेले तापमान अधिकृत उपकरणाने घेतलेले नसल्याने विचारात घेता येत नाही.’ आणि शेवटी, ‘सेवेतील काटेकोर कामाबद्दल आपले आभार.’ पुढच्याच महिन्यात पेन्शन सुरू झाली. मी खोटं लिहिलं होतं हे सरकारदरबारी सिद्ध करणं मला जमलं नाही. खरं लिहिलेलं परत पाठवणारं खातं खोटं मात्र छातीशी धरून बसलं होतं.

डिसेंबरात ट्राउट आले. बर्फाच्या पेट्या, प्राणवायू भरलेल्या पिशव्या, मंडप, सत्कार. थंडीच्या दिवसांत पाणी खरोखरच गार असतं, त्यामुळे मासे जगले. जानेवारीत एका मोठ्या पाहुण्यांनी गळ टाकून एक धरला, फोटो काढला. हे माहितीपत्रक तेव्हाचं. फेब्रुवारीत ऊन चढलं. शेवटी शेवटी ते मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवेसाठी धडपडत होते म्हणतात. होळीपर्यंत एकही उरला नव्हता. मेलेल्या माशांचा वास आठवडाभर गावात होता. अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘स्थानिकांचे असहकार्य’. सल्लागार दुसऱ्या जिल्ह्यात दुसरी नदी बघायला गेले. योजना बंद झाल्याचा कागद निघाला नाही, म्हणून सोसायटीचा हक्कही परत मिळाला नाही. डोहात अजून एकही लाल थवा दिसलेला नाही.

गिरजाबाई आता वर्ध्याच्या मासळी बाजारात बसते. आंध्रातून बर्फात येणारे रोहू-कटला पेटीनं घेते आणि किरकोळ विकते. गेल्या महिन्यात मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती एकाला मासा कापून देत होती. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, “गिरजाबाई, तुले एक सांगाचं होतं. ते अठरा अंश मीच लिवत होतो. मनानं. थर्मामीटर फुटला होता.”

तिनं विळीवरचे खवले फडक्यानं पुसले.

“मले ठाऊक हाय.”

“कोनं सांगतलं?”

“कोन सांगन? बारा वर्सं तुमी माह्यासमोर पायऱ्या उतरले. पट्टी पाह्यची, लिवाचं, अन् वर चढाचं. ते काचेची नळी पान्यात बुडवतानी मी तुमाले कवाच नाई पाह्यलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “सभेच्या आधी बाया घाबरल्या होत्या. मी त्यायले म्हनलं, घाबरू नोका, गेजबाबू बसून हाय न तिथं. इचारलं त खरं सांगतीन. म्हनून त भर सभेत तुमालेच इचारलं, दुसऱ्या कोनाले नाई.”

माझ्यामागे एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमाले काय देऊ?”